शुगरवाल्या बाईंची पंगत

बाईंनी शिव्या दिल्या की आर्वीतल्या माणसाला आपली तब्येत ठीक आहे असं वाटायचं. शिव्या म्हणजे चारचौघांत ऐकवता येणार नाहीत अशा नव्हेत. 'बैलोबा', 'येडपट', 'खाऊन माजलेला सांड' या पट्टीतल्या. पण त्या इतक्या मनापासून दिलेल्या असत की घेणाऱ्याला कोणीतरी आपली काळजी करतंय याची खात्री पटे. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर नाव होतं, डिग्री होती, पण गावात ते नाव कोणी घेत नसे. 'शुगरवाल्या बाई' म्हटलं की ऑटोवाला आपल्याकडे एकदा दयेनं बघायचा आणि दारात नेऊन सोडायचा.

मी तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला गेलो तेव्हा चाळिशी ओलांडली होती. मूळचा साताऱ्याकडचा. सारखी तहान लागायला लागली तेव्हा मी तिकडच्या उन्हाला दोष दिला. मग हिवाळा आला, लोक शेकोटीला बसले आणि मी अजून तांब्यानं पाणी पितच होतो. शेवटी एके सोमवारी कॉलेजातलं कोणी बघत नाही असं पाहून बाईंच्या गल्लीत शिरलो.

तिथली रीत मला ठाऊक नव्हती. व्हरांड्यात एक सिस्टर बोटाला टोचून मशीनवर शुगर बघायच्या. त्या बाईंच्याच वयाच्या, अबोल आणि सगळ्या दवाखान्यात एकट्याच शांत. त्यांनी सांगितलेला आकडा लक्षात ठेवायचा आणि बाईंच्या खोलीचा उंबरठा ओलांडताना तो मोठ्यानं म्हणायचा. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी आत जाऊन खालच्या आवाजात म्हटलं, "मॅडम, जरा खाजगी बोलायचं होतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. दणकट बांधा, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि खुर्चीत बसल्या असल्या तरी उभ्या असल्यासारख्या वाटणाऱ्या.

"काय खाजगी? दुसरी बायको केली का?"

बाहेरच्या बाकावर हशा पिकला.

"नाही, शुगर..."

"मंग बाहीर जा, आन् मोठ्यानं सांगत आत या. इथं समदे त्याच गावचे हायेत."

मी बाहेर गेलो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज त्या दिवशी कसाबसा उंबरठ्यापर्यंत गेला. आकडा ऐकून बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बरी हाये. माही पहिल्या दिवशी याच्याहून जास्त होती," तो म्हणाला. त्याच्या स्वरात चक्क अभिमान होता. त्या क्षणी माझ्या मनावरचं ओझं अर्धं उतरलं. ज्या गोष्टीसाठी मी गल्लीत तोंड लपवून शिरलो होतो, तिच्यात मी त्या बाकावर पहिला नंबरसुद्धा पटकावू शकलो नव्हतो.

बाईंचं म्हणणं असं की शुगर हा रोग नाही, जावई आहे. "एकदा घरात आला, आता जाणार नाई. मंग काय करायचं? त्याले वेळेवर जेवू घाला, रोज फिराले न्या, त्याच्या तब्येतीची चौकशी करा. पन डोक्यावर बसवू नका. डोक्यावर बसला का घरदार इकून खाते." हे व्याख्यान दर सोमवारी व्हायचं. ज्यांच्या घरी खरंच जावई राहायला आले होते ते पहिल्या बाकावर बसून ऐकायचे.

त्यांच्या खिडकीत लाकडी पेल्यांची रांग होती. कुठल्याशा लाकडाचा पेला रात्री पाण्यानं भरून ठेवायचा आणि सकाळी ते पाणी प्यायचं, शुगर मुळापासून जाते, असं सांगून बाजारात लोक ते पेले विकत. बाई प्रत्येकाचा पेला जप्त करायच्या आणि त्यात पुदिना लावायच्या. उन्हाळ्यात त्या पुदिन्याची चटणी पेशंटांनाच मिळायची. "पाय, आता उपयोग झाला का नाई त्या पेल्याचा," असं म्हणत त्या ती वाढायच्या.

भाकरीचा मामला वेगळा. प्रत्येक पेशंट छातीवर हात ठेवून सांगायचा की मी दोनच भाकरी खातो. बाईंना त्या 'दोन'वर जुना संशय होता. एकदा त्यांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत गॅस पेटवला, परातीत ज्वारीचं पीठ ओतलं आणि पेशंटांच्या घरच्या बायकांना सांगितलं की तुमच्याकडं होते तशी भाकर थापून दाखवा. पहिल्याच वहिनींनी थापलेली भाकर तव्याच्या चहूबाजूंनी खाली लोंबायला लागली. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग त्यांनी त्या वहिनींच्या नवऱ्याला बोलावलं.

"हे एक भाकर?"

"हाव."

"हे भाकर नाई बाप्पा, हे गोधडी हाये. रात्री अंगावर घेता का खाता?"

नवरा मान खाली घालून हसायला लागला, वहिनी पदरात हसायला लागल्या, आणि त्या दिवसापासून दवाखान्यात भाकरीला गोधडी हा शब्द रूढ झाला. आजही मी जेवायला बसलो की बायको विचारते, एक गोधडी की अर्धी?

आमचा एक टेलर होता. बाईंना फार घाबरायचा आणि समोश्यावर फार प्रेम करायचा. डेपोसमोरच्या हॉटेलात तो प्लेट घेऊन बसला असताना बाईंची स्कूटर बाहेर थांबली. बाईंना बिनसाखरेचा चहा हवा होता, दुसरं काही नाही. पण टेलर प्लेटसकट टेबलाखाली गेला. बाईंनी शांतपणे चहा संपवला, पैसे दिले आणि जाताजाता टेबलाखाली वाकून म्हणाल्या, "असं आखडून बसून खाऊ नये भाऊ, पचत नाई." मग त्याला बाहेर काढला आणि स्कूटर पहिल्या गियरमध्ये ठेवून मार्केट यार्डापर्यंत शेजारून चालत नेला. वाटेत कापसाच्या गाड्या थांबून लोक बघत होते. टेलर मला नंतर म्हणाला, "सर, माही वरात पन एवढी हळू नव्हती निंगाली."

असा सगळा तो दरबार. आणि या दरबारात बाईंचं ज्याच्यापुढे काही चालत नव्हतं असा एकच माणूस होता. त्यांना आम्ही वांगेवाले भाऊ म्हणायचो. आर्वीपासून जवळच्या गावात त्यांची भाजीची वाडी होती. आठवडी बाजारात त्यांची वांगी सगळ्यांत आधी संपायची. उंच, काळेसावळे, मिश्या पांढऱ्या, आवाज डेपोतल्या लाउडस्पीकरसारखा. शुगर सांगायची वेळ आली की ते उंबरठ्यावर उभे राहून असा आकडा पुकारायचे की जणू लिलावात बोली लावतायत.

त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, आणि तो कळला नव्हता. शुगरनं पाय बधिर झालेला, दुखलंच नाही, तर कळणार कसं? तळव्याशी जखम झाली, ती भरेना. गोळ्या होत्या त्या सगळ्या देऊन झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, आता सुई. इन्शुलिन.

"सुई नाई."

"काऊन नाई?"

"माह्या मोठ्या भावाले नागपूरले सुई लावली, आन् पंधरवड्यात तो गेला. आमच्या घरात ज्याले सुई लागली तो गेला."

"तो सुईनं नाई गेला. सुई उशिरा लावली म्हनून गेला."

"तुमी म्हनता तसं असन. पन तो गेला ना."

हे संभाषण दर सोमवारी होई. बाई ओरडायच्या, भाऊ ओरडायचे, बाकावरचे आम्ही इकडून तिकडं माना वळवत राहायचो. शेवटी भाऊ पायाची पट्टी बदलून घ्यायचे, बाईंसाठी आणलेली वांगी टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे. ते गेले की बाई त्यांचा केसपेपर पुन्हा काढून वाचायच्या. एकदा सिस्टरना म्हणाल्या, "तो पाय जाईन. माह्या डोळ्यापुढं जाईन." त्या दिवशी पुढच्या पेशंटला एकही शिवी मिळाली नाही आणि तो बिचारा घाबरून दोनदा विचारत होता, माझं काही फार वाईट आहे का.

बाईंनी मग भाऊंना सोडून त्यांच्या बायकोला धरलं. ही वहिनी बोलायची फार कमी, पण हाताला हुशार. बाईंनी तिला संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं. सिरिंजमध्ये साधं पाणी, सालीत अलगद टोचायचं, दट्ट्या दाबायचा, क्षणभर थांबायचं, काढायची. वहिनी एका दुपारीत इतकी तरबेज झाली की टोपलीतलं एकही संत्रं सुटलं नाही. तेवढ्यात भाऊ बाजारातून आले. बाकावर बसले. समोर टोपली दिसली. एक संत्रं उचललं, सोललं आणि पूर्ण खाऊन टाकलं.

"अवो," वहिनी हळूच म्हणाली, "त्या संत्र्याले सुई देली होती."

साल टाकायला गेलेला भाऊंचा हात थांबला. चेहरा बघता बघता उतरला. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वांग्याची लावनी आटोपून घेजो. पोराले म्हन, मोटरीची चाबी कोनाड्यात हाये."

बाई आतून आल्या तेव्हा हे मृत्युपत्र चालू होतं. त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या बाकावर बसून, पोट धरून हसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. "पानी होतं त्यात, बैलोबा. नळाचं पानी."

भाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. पण ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की या एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला आतून केवढी भीती आहे. बाईंनाही ते कळलं असावं. त्यांनी हसू आवरलं आणि त्या दिवशी सुईचा विषय काढला नाही.

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे लग्नसराई सुरू होते आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे वर्षभराची मेहनत चार पंगतींत वाहून जाते. म्हणून त्या वर्षी त्यांनी ठरवलं की लग्नाआधी लग्नाची तालीम घ्यायची. दवाखान्याच्या अंगणात मांडव घातला. पत्रावळी आल्या. वांगेवाल्या भाऊंची वांगी, वरण, भात, पोळ्या, मठ्ठा आणि टोपलंभर जिलेबी. कोणी काय आणि किती घ्यायचं ते आपल्या मनानं ठरवायचं, जेवणाआधी आणि नंतर शुगर बघायची, आणि मग बाई सगळ्यांसमोर ज्याची त्याची पूजा बांधणार. "लग्नात डॉक्टर येत नाई," त्या म्हणाल्या, "म्हनून आज डॉक्टरच लग्न घेऊन आली."

टेलर तर कोट घालून आला होता.

सकाळपासून बाईंची धावपळ चालू होती. त्यात भाजी शिजत असताना गॅस संपला, दुसरं सिलिंडर येईपर्यंत दुपार टळायला आली. शेवटी पंगत बसली. बाई स्वतः वाढत होत्या. त्यांना आम्ही कधीच जेवताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या बसल्या नाहीत याचं कोणाला काही वाटलं नाही.

मठ्ठ्याचं भांडं घेऊन त्या माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "सर, आपण काहीच घेतलं नाही. आपल्याला थोडी जिलेबी वाढू का?"

मी गार पडलो. 'आपण'? बाई? आणि जिलेबी? मला वाटलं हा परीक्षेतला फसवा प्रश्न आहे. मी हात जोडून नको म्हटलं. शेजारचा टेलर कुजबुजला, "सर, घेऊ नका. डाव हाये."

बाईंनी मठ्ठा खाली ठेवला, जिलेबीचं टोपलं उचललं आणि पुढं सरकल्या. प्रत्येकाला आपण-आपण करत, गोड हसत, जिलेबी वाढत चालल्या. लोक पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून बसले. भाऊंनी मात्र हात काढून घेतला, आणि बाईंनी त्यांच्या पानात प्रेमानं चार जिलेब्या ठेवल्या. भाऊंचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. त्यांनी एक उचलली, तोंडापाशी नेली, आणि बाईंकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांत बाईंच्या कपाळावरून घाम गळत होता.

"बाई, तुमी मले शिव्या काऊन नाई देऊन राह्यल्या?"

"आपल्याला शिव्या कशा देऊ," बाई म्हणाल्या, "आपण पाहुणे."

भाऊ खरकट्या हातानं उठले. "बाईले कमी झाली," ते गरजले. "घाम पाहा, बोलनं पाहा. शुगर कमी झाली."

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सगळी पंगत उठली. बाईंनी पाठ करून घेतलेला धडा म्हातारीकोतारी एका सुरात म्हणायला लागली, "आधी साखर, मंग जेवन, मंग चर्चा." पण साखर कुठाय? अख्ख्या दवाखान्यात चमचाभर साखर नव्हती. बाई साखर उंबरठ्याच्या आत येऊच देत नसत. सिस्टर मशीन घेऊन धावल्या. आणि त्याच वेळी मांडवभर लोक खिसे उलटे करायला लागले. शुगर कमी झाली तर असावी म्हणून बाईंनीच सगळ्यांना खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगितलं होतं. पुड्या निघाल्या. त्यांच्याबरोबर बाईंनी न सांगितलेलंही निघालं. गुळाचे खडे, सोनपापडी, चॉकलेटं, आणि टेलरच्या कोटाच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेला अख्खा पेढा.

भाऊंनी कशाचीच वाट पाहिली नव्हती. त्यांनी पानातल्या जिलेब्या मुठीत धरून पाण्याच्या पेल्यात पिळल्या होत्या, वहिनींनी त्यात दोन पुड्या साखर रिकामी केली, आणि दोघांनी बाईंना खुर्चीत बसवून घोट घोट पाजलं. बाई प्रत्येक घोटाला "आभारी आहे" म्हणत होत्या. ते ऐकून लोकांना अजूनच भीती वाटत होती.

थोड्या वेळानं घाम थांबला. बाईंनी डोळे नीट उघडले, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि ती टेलरच्या हातावर येऊन थांबली.

"पेढा कोनाच्या खिशातून निंगाला रे, येडपट?"

मांडवात असा आनंद झाला की विचारू नका. कोणी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीनं बाईंची दृष्ट काढली, आणि टेलरला आयुष्यात पहिल्यांदा शिवी खाऊन रडू आलं.

सिस्टरनी मग मऊ भात आणून त्यांच्या हातात दिला आणि रागानं म्हणाल्या, "सकाळी सुई घेतली आन् वरून काई खाल्लं नाई. मी किती डाव म्हटलं, दोन घास खाऊन घ्या."

भाऊंनी विचारलं, "कोनती सुई?"

बाई भात चिवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "इन्शुलिन. मी कॉलेजात होती तवापासून घेऊन राह्यली."

"इतकी वर्सं?"

"हाव."

"मंग आमाले काऊन नाई सांगितलं? आमाले तं दारातून ओरडाले लावता."

बाईंनी एक घास घेतला. "एकदा सांगितलं होतं एका घरी. माह्या लग्नाची बोलनी चालू होती. ते लोक चहा अर्धा ठेवून गेले. मंग डॉक्टर झाली तं वाटलं, लोक म्हनतीन, हिले सोताले बरं करता नाई आलं, आमाले काय करन."

भाऊ त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या हिशेबानं ही बाई कधीच मेलेली असायला हवी होती, आणि ती समोर बसून भात खात होती, आणि पेढ्याची चौकशी करत होती.

पुढच्या सोमवारी भाऊ आले ते थेट बाईंच्या टेबलाशी गेले. "आधी तुमी घ्या," ते म्हणाले. "मी पायतो."

बाईंनी दार उघडंच ठेवलं. बाकावरचे आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे. पदर जरा बाजूला करून त्यांनी पोटाला सुई टोचली, काढली, कापूस फेकून दिला. एखादी बाई केसात पिन खोचते तितक्या सहज. मग त्यांनी दुसरी भरलेली सिरिंज वहिनींच्या हातात दिली.

भाऊंनी सदरा वर केला, डोळे गच्च मिटले आणि शेजारी होतो म्हणून माझा हात धरला. माझी बोटं पिचली. "थांबजो," ते म्हणत होते, "मी सांगतो तवा देजो. आत्ता नाई. थांबजो. कवा देनार हायेस?"

"देऊन झाली," वहिनी म्हणाली.

भाऊंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पोटाकडे पाहिलं. लोक हसत होते, टेलर त्यांच्या पाठीवर थापटत होता. भाऊ कोणाकडेच बघत नव्हते.

"एवढंच?" ते म्हणाले. आणि मग, त्यांच्या मानानं फारच हळू आवाजात, "माह्या भावाले हे कोनी असं करून दाखवलं असतं तं."

त्यांचा पाय राहिला. एक बोट द्यावं लागलं, पण जखम भरली आणि ते वाडीत हिंडायला लागले. पुढं माझी बदली वर्ध्याला झाली. तरी बाईंचं नाव निघालं की मला तो सोमवार आठवतो. हशा ओसरला, तसं बाईंनी घड्याळात पाहिलं आणि भाऊंना दटावलं, "सुई घेतली, आता जेवाले उशीर करायचा नाई. चला." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि आपला डबा घेऊन बाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बाकावर, भाऊ आणि वहिनी यांच्या मधे जागा करून बसल्या. डबा उघडला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. वहिनीनं आपल्या शिदोरीतली भाकर मोडली, तिच्यावर वांग्याची भाजी ठेवली आणि न विचारता बाईंच्या झाकणात वाढली.

बाईंनी भाकरीचा तुकडा एकदा उलटून पाहिला, केवढा आहे ते. काहीतरी बोलणार होत्या. मग काही न बोलता खायला लागल्या.